शब्दांची उजळणी : मराठी वाचकाच्या इंग्रजी शिक्षणाचा मागोवा

आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथासाठी लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा मराठीच्या अध्यापकाने मराठी वाङ्मयाविषयी काही लिहावे अशी त्यांची अपेक्षा असणार, हे उघड होते. मी मात्र विषय निवडला आहे तो शाळेतील इंग्रजीच्या तासाचा. त्यातही त्या तासातील दोन अगदी साध्या गोष्टींचा : शब्दांची उजळणी आणि धड्याचे वाचन. वाचकांना हे थोडे विचित्र वाटेल, म्हणून आधी कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी ग्रंथालयातील जीर्ण पुस्तकांची छाननी करण्याचे काम आम्हां काही सभासदांकडे आले होते. माझ्या वाट्याला इंग्रजी पुस्तकांचे कपाट आले. लॅम्बच्या कथा, स्कॉट व डिकन्स यांच्या कादंबऱ्यांच्या संक्षिप्त आवृत्त्या, प्रवासवर्णने, चरित्रे असा तो संग्रह. पुस्तकावर काही लिहू नये, हा नियम आपल्या भिंतीवर प्रथमपासून लावलेला आहे. असे असूनही जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या समासात बारीक पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले आढळले. अक्षरे निरनिराळी, पण रीत एकच. पहिल्या पानावर दहा-बारा शब्दांचे अर्थ, दुसऱ्यावर आठ-नऊ, मग पाच-सहा. आणि पंधराव्या-सोळाव्या पानापाशी ही टिपणे बहुतेक पुस्तकांत थांबलेली. तिथे थांबून मी पुष्कळ वेळ विचार करीत राहिलो. त्या वाचकाने कंटाळून पुस्तक परत केले, की अर्थ लिहिण्याची गरज संपून तो खरोखर वाचू लागला? पेन्सिलीच्या टिपणांवरून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. परंतु मराठी माणसाने इंग्रजी कसे शिकले, त्यात काय साधले आणि काय हुकले, याचा सगळा इतिहास याच एका प्रश्नात साठलेला आहे, असे मला वाटले. त्याचा मागोवा येथे थोडक्यात घेतो.

पाठांतराचा वारसा

इंग्रजी शिकायला बसलेला मराठी विद्यार्थी कोऱ्या पाटीने आलेला नव्हता. शब्द आधी मुखोद्गत करावे, अर्थ मागाहून उलगडेल, ही आपल्या पाठशाळांची जुनी शिस्त होती. रूपावली आणि अमरकोश हे तिचे दोन पाय. अमरसिंहाने आपला कोश तीन कांडांत व वर्गावर्गांत रचला. स्वर्गातील नावे एका ठिकाणी, वनस्पतींची एका ठिकाणी, माणसांची एका ठिकाणी. तो श्लोकबद्ध असल्याने कानांतून मनात उतरे. ग्रंथ हाताशी नसलेल्या काळात कोश डोक्यात वाहून नेण्याची ही व्यवस्था होती आणि तिच्या जागी ती उत्तम होती. पुढे ज्या काव्यांचा अभ्यास करायचा, त्यांतील शब्दच विद्यार्थी आधी पाठ करीत असे.

परकी भाषा समोर आली की कोश रचावा, हीही आपली जुनी सवय. शिवछत्रपतींच्या काळी झालेल्या राज्यव्यवहारकोशात दरबारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तेव्हा इंग्रजी आल्यावर मराठी माणूस प्रथम शब्दांच्या यादीकडे वळला, यात नवल नाही. बदलले ते एवढेच, की इंग्रजी शब्दांना श्लोकाची चाल नव्हती आणि त्यांच्या मागे घरात ऐकलेली कथा-पुराणे नव्हती. घोकंपट्टी उरली, तिला जिवंत ठेवणारे आजूबाजूचे वातावरण मागे राहिले.

कोश, वृत्तपत्र आणि परीक्षा

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. या आवृत्तीत साठ हजारांच्या घरात शब्द होते. मोल्सवर्थ आणि थॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. मूळ बेळगावचे बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती तयार केली, ती विद्यार्थ्यांच्या खिशाला व हाताला पेलणारी होती. नी. बा. रानडे यांचा विसाव्या शतकाच्या नावाने निघालेला इंग्रजी-मराठी कोश १९१६ मध्ये दोन खंडांत पूर्ण झाला. मोल्सवर्थचा हेतू मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजाची सोय करणे हा होता. पण त्याचा खरा लाभ मराठी माणसाला झाला. आपल्या भाषेत किती शब्द आहेत, हे त्याला परक्याने मोजून दाखवले.

दुसरे साधन अधिक मोलाचे होते, पण त्याची आठवण कमी काढली जाते. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, ते दोन स्तंभांत : एका बाजूस इंग्रजी, दुसऱ्या बाजूस मराठी. मराठीतील पहिले वृत्तपत्र म्हणून आपण त्याचा गौरव करतो. पण ते एका परीने वाचनपाठही होते. तोच मजकूर दोन भाषांत शेजारीशेजारी असल्यामुळे अडलेल्या शब्दासाठी कोश धुंडाळावा लागत नसे. डोळा पलीकडच्या स्तंभाकडे वळला की अर्थ लागे, आणि तो सुट्या शब्दाचा नसून संपूर्ण वाक्याचा असे. शब्द आणि वाचन यांची फारकत न करणारी ही युक्ती आपल्या शाळांनी उचलली असती, तर पुढचा इतिहास कदाचित निराळा झाला असता.

तसे झाले नाही, याचे मोठे कारण परीक्षा. शिक्षणाचे माध्यम देशी भाषा असावी की इंग्रजी, हा वाद मुंबईच्या शिक्षण मंडळात १८४० नंतरच्या दशकात रंगला होता. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे, तर जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूचे. नानांचे म्हणणे इंग्रजी नको असे नव्हते. बहुजनांपर्यंत ज्ञान पोहोचवायचे तर ते त्यांच्याच भाषेतून पोहोचेल, एवढेच ते सांगत होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली. १३२ विद्यार्थी बसले, २२ उत्तीर्ण झाले. त्या बावीसांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या पिढीच्या वाचनाचा आवाका असा, की अतिवाचनाने रानड्यांचे डोळे अधू झाले. पण उरलेल्या ११० जणांची गोष्ट कोणी लिहिलेली नाही. मॅट्रिक हा सरकारी नोकरीचा दरवाजा ठरल्यावर त्या दरवाजाची किल्ली म्हणून इंग्रजी शिकणे सुरू झाले, आणि किल्लीवर कोणी प्रेम करीत नाही. परीक्षेत काय विचारतील तेवढे शब्द, तेवढे उतारे, तेवढी टिपणे, असा हिशेब पालक, विद्यार्थी व शिक्षक या तिघांनीही मांडला.

भाषांतराचा वर्ग

या हिशेबात एक गोष्ट मात्र खरोखर कसदार होती, ती म्हणजे भाषांतर. द्वारकानाथ रघोबा तर्खडकर यांची ‘भाषांतर पाठमाला’ तीन-चार पिढ्यांनी वापरली; आजही जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तिची मागणी संपलेली नाही. प्रत्येक पाठात थोडा नियम, थोडे शब्द आणि पुढे वाक्ये : आधी इंग्रजीतून मराठीत, मग मराठीतून इंग्रजीत. शिकलेला शब्द लगेच वाक्यात वापरावा लागे. तो दोन्ही दिशांनी चालवून पाहावा लागे. ही पाठमाला पुरी केलेला विद्यार्थी इंग्रजी बोलताना अडखळे, पण वाक्याची घडण त्याला कळे.

या वर्गाचा खरा प्रसाद मराठीला मिळाला. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिले आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. त्याच विष्णुशास्त्र्यांनी १८७४ पासून ‘निबंधमाला’ चालवली आणि तीत इंग्रजी भाषा, भाषांतर, वाचन या विषयांवर स्वतंत्र निबंध लिहिले. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणणारे शास्त्रीबोवा, असा त्यांचा उल्लेख सर्वत्र होतो. पण ते दूध पचवण्यासाठी मराठीची प्रकृती सुदृढ हवी, हा त्यांच्या लेखनाचा दुसरा अर्धा भाग आपण सोयिस्करपणे विसरतो. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्यांत ते अग्रभागी होते. शाळेच्या नावात इंग्लिश आणि चालकांच्या हातात मराठी लेखणी, हा त्या पिढीला विरोध वाटला नाही. १८६१ मध्ये निघालेला पालग्रेव्हचा ‘गोल्डन ट्रेझरी’ हा काव्यसंग्रह पुढच्या पिढीतील अनेकांच्या हाती होता. केशवसुतांनी १८९२ मध्ये मराठीत सुनीत आणले, ते शब्दांच्या यादीतून आलेले नव्हते. ते वाचनातून आले होते.

बडोद्याचा धडा

हे सारे मुंबई-पुण्याचे झाले. आपल्या बडोद्याने या इतिहासात जे घातले, ते निराळे आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात जन्मलेला गोपाळराव नावाचा मुलगा २७ मे १८७५ रोजी दत्तक होऊन बडोद्याच्या गादीवर सयाजीराव म्हणून आला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याची अक्षरओळखही झालेली नव्हती. एफ. ए. एच. एलियट या शिक्षकाच्या देखरेखीखाली त्याने मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या भाषांचा अभ्यास केला आणि १८८१ च्या डिसेंबरात पूर्ण अधिकार हाती घेतले. आजच्या भाषेत बोलायचे तर इंग्रजी उशिरा सुरू झालेल्या विद्यार्थ्याचे हे उदाहरण. या विद्यार्थ्याने १८९६ मध्ये ‘फ्रॉम सीझर टु सुलतान’ या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. गिबनने लिहिलेल्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या प्रचंड इतिहासाचे वाचन करताना केलेली ती टिपणे होती. अक्षर गिरवल्यापासून एकवीस वर्षांत गिबन! राजाला शिक्षक, वेळ व ग्रंथ यांची वाण नव्हती, हे मान्य केले तरी टिपणे स्वतःच काढावी लागतात. ती कोणी राजासाठी वाचून देत नाही.

याच सुमारास बडोदा कॉलेजात एक तरुण प्राध्यापक होते, अरविंद घोष. १८९३ मध्ये ते बडोद्याच्या सेवेत आले आणि १९०६ पर्यंत येथे होते. फ्रेंच व इंग्रजी शिकवीत. पुढे त्यांनी आपल्या अध्यापनाची एक आठवण सांगितली आहे. साउदीने लिहिलेले नेल्सनचे चरित्र ते वर्गात शिकवीत होते. त्यांचे विवेचन बाजारातल्या टिपणांशी जुळत नाही, अशी तक्रार विद्यार्थ्यांनी केली. त्यावर, ती टिपणे आपण वाचलेली नाहीत आणि त्यांतली बहुतेक टाकाऊच असतात, असे उत्तर त्यांनी दिले. विद्यार्थी प्रत्येक वाक्य जसेच्या तसे उतरवून घेऊन पाठ करतात, याचे त्यांना मोठे आश्चर्य वाटे. ही आठवण वाचून हसू येते. परंतु हसणाऱ्याने त्या विद्यार्थ्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. परीक्षा मुंबईची, परीक्षक अनोळखी. टिपण हाच त्यांचा आधार. प्राध्यापक वाचायला शिकवीत होते आणि विद्यार्थ्यांना उत्तीर्ण व्हायचे होते. शंभराहून अधिक वर्षांनंतर माझ्या वर्गात मराठीच्या तासालाही हाच संवाद होतो.

सयाजीरावांनी या पेचावर जो उपाय योजला, तो वर्गाबाहेरचा होता. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू झाला. पण शाळा सोडलेला मुलगा चार वर्षांत वाचणे विसरतो, हे ध्यानात येताच त्यांनी अमेरिकेतून विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. १९१० पासून बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि पेट्यांतून हिंडणारी फिरती ग्रंथालये अशी साखळी उभी राहिली. १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश निघाला. इंग्रजी शब्दांना भारतीय भाषांतील आणि फारसीतील पर्याय देणारा, एकूण आठ भाषांचा. राज्यव्यवहारकोशाचीच ती पुढची पायरी. म्हणजे एकाच राजवटीने शब्दांचा कोशही करविला आणि वाचनाची सोयही केली. यांपैकी एकाने भागत नाही, हे बडोद्याला उमजले होते. आपले ग्रंथालय त्याच वातावरणात जन्मले, हे शताब्दीच्या निमित्ताने सांगणे मला अगत्याचे वाटते.

ढाक्याचा हिशेब

आपले ग्रंथालय बाल्यावस्थेत होते त्या दिवसांत, देशाच्या पूर्व टोकाला ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात मायकेल वेस्ट नावाचे प्राचार्य एका हिशेबात गुंतले होते. १९२६ मध्ये त्यांचा बंगालमधील द्विभाषिकतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. विम्याच्या व्यवहारातला एक शब्द त्यांनी शिक्षणात आणला : सरेंडर व्हॅल्यू. विमा मुदतीपूर्वी मोडला तर हाती किती रक्कम पडते? तसेच शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलाच्या हाती त्या दिवसापर्यंतच्या इंग्रजीतून किती पडते? बहुतेक मुले शिक्षण अर्धवट सोडीत, आणि व्याकरण व पाठांतर यांत गेलेल्या त्यांच्या वर्षांचे मोल शून्याच्या जवळपास होते. वेस्ट यांचा निष्कर्ष असा, की या मुलांना प्रथम वाचता आले पाहिजे. वाचता येणारा मुलगा शाळा सुटली तरी शिकत राहील.

मग पाठ्यपुस्तकांत नवे शब्द किती दाट येतात, हे त्यांनी तपासले. त्यांच्या मते सुमारे पन्नास शब्दांत एकच अनोळखी शब्द असावा. त्याहून अधिक झाले की वाचन थांबते आणि उकल सुरू होते. त्यानुसार त्यांनी वाचनमाला रचल्या. अमेरिकेत थॉर्नडाइक यांनी १९२१ मध्येच वारंवार येणाऱ्या दहा हजार शब्दांची मोजणी प्रसिद्ध केली होती. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये साडेआठशे शब्दांच्या बेसिक इंग्लिशची योजना मांडली. वेस्ट यांची सुमारे दोन हजार शब्दांची सर्वोपयोगी यादी १९५३ मध्ये पूर्णत्वास गेली. अमरसिंहाने शब्द अर्थाने गटवारीला लावले. वेस्टने ते वापराने लावले. दोघांचाही हेतू विद्यार्थ्याचे ओझे कमी करणे हाच.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. हे दोन हजार शब्द येत असले तर सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा सुमारे ऐंशी टक्के भाग ओळखीचा होतो. ऐकायला हे भरघोस वाटते. प्रत्यक्षात पाचांतला एक शब्द अडतो, म्हणजे दहा शब्दांच्या ओळीत दोन. अशा ओळी वाचून कोणाला कथेत गोडी वाटावी? सन २००० मध्ये हू आणि नेशन या अभ्यासकांनी केलेल्या संशोधनात असे आढळले, की कोणाच्या मदतीवाचून सुखाने वाचण्यासाठी सुमारे अठ्ठ्याण्णव टक्के शब्द परिचित असावे लागतात. शंभरात दोन अनोळखी, म्हणजेच पन्नासात एक. ढाक्यात बसून शिक्षकाच्या अनुभवाने वेस्टने जे सांगितले, तेच तीन पिढ्यांनंतर प्रयोगाने ठरले. आणि २००६ मध्ये नेशन यांनी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे कादंबरी, वृत्तपत्र असे लेखन या पातळीवर वाचायचे तर आठ ते नऊ हजार शब्दकुले माहीत हवीत. एवढे शब्द कोणत्याही वहीत उतरवून पाठ होत नाहीत. आधी सोपे, मग थोडे कठीण अशा पुष्कळ वाचनातून ते हळूहळू साचतात. आता आपल्या कपाटातील समासाकडे पुन्हा पाहा. पहिल्या पानावर दहा-बारा शब्द अडलेला तो वाचक आळशी नव्हता. त्याच्या हाती पुस्तक चुकीच्या वेळी पडले होते.

माझी वही

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेपर्यंत पुढे ढकलला. १९४९ मध्ये त्या राज्यात विलीन झालेल्या बडोद्यालाही तेच धोरण लागू झाले. पाचवीपासून की आठवीपासून, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. मातृभाषेला प्रतिष्ठा मिळावी हा त्यामागचा हेतू आदरणीयच होता. पण इंग्रजी कधी सुरू करावे यावर जेवढी शाई खर्च झाली, तेवढी ते कसे वाचवावे यावर झाली नाही. १९५८ मध्ये हैदराबादेत इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली. कन्नडचे थोर कवी वि. कृ. गोकाक काही काळ तिचे संचालक होते. वाक्यरचनांचा क्रम ठरवून शिकवण्याची पद्धत आली. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांचा बंगळूरचा प्रयोग झाला, त्यात व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांसमोर सोडवण्याजोगी कामे ठेवली गेली. पद्धती बदलत गेल्या. शब्दार्थांची वही मात्र हलली नाही.

माझ्या शालेय दिवसांत दर शनिवारी शब्दांची उजळणी असे. फळ्यावर वीस शब्द, प्रत्येकाचे स्पेलिंग आणि अर्थ. मला बहुधा वीसपैकी वीस मिळत आणि मला इंग्रजी येते असा माझा समज होता. आमचे शिक्षक मनाने उदार होते. त्यांनी एकदा लॅम्बच्या शेक्सपिअरकथांचे पुस्तक घरी वाचायला दिले. अर्ध्या पानात माझा समज उतरला. शब्द पाठ होते, वाक्य लागत नव्हते. लाजेने मी ते पुस्तक घेऊन आपल्या ग्रंथालयात आलो, कोश मागायला. त्या वेळचे ग्रंथपाल आता हयात नाहीत. त्यांनी पुस्तक चाळून पाहिले, ‘ऑथेल्लो’ची कथा काढून दिली आणि कोश न देता देवलांचे ‘झुंझारराव’ हातात ठेवले. म्हणाले, “आधी हे वाच. मग ते वाच. कोशाचं नंतर बघू.”

१८९० चे ते नाटक मी दोन दिवसांत वाचले. झुंझारराव आणि कमळजा यांच्या दुःखाने मन भरून गेले होते, अशा अवस्थेत लॅम्बची कथा उघडली. शब्द तितकेच कठीण होते, पण आता कोण कोणाविषयी काय बोलणार हे ठाऊक होते. अडलेला शब्द ओलांडून पुढे जाता येत होते, आणि पुढच्या ओळीत तो आपसूक उलगडत होता. ‘हॅन्डकरचिफ’ या शब्दाचे अवघड स्पेलिंग मी शनिवारी अनेकदा बरोबर लिहिले होते. एका रुमालाने एका निरपराध स्त्रीचा प्राण जातो, हे वाचल्यावर तो शब्द मला प्रथमच कळला. ‘दर्पण’च्या दोन स्तंभांची युक्ती त्या ग्रंथपालांनी मला दोन पुस्तकांत करून दाखवली होती. त्यांनी कधी मायकेल वेस्ट वाचला असेल असे मला वाटत नाही. मुलाला कोणत्या वेळी कोणते पुस्तक द्यावे, हे मात्र त्यांना कळत होते.

म्हणून शब्दांची उजळणी निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. ते वीस शब्द माझ्या कामी आले. अंगणात पेरायचे तर बी घरात असावे लागते. पण बी डब्यातच राहिले तर त्याला किडच लागते.

उलटलेली वही

आज काळ फिरला आहे. महाराष्ट्राने २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. आपल्याकडे तर मराठी घरांतील बहुसंख्य मुले इंग्रजी माध्यमातच शिकतात. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी असा त्यांचा दिवस जातो. गेल्या दिवाळीत माझ्या नात्यातील एक मुलगी आपल्या ग्रंथालयातून मराठी कथांचे पुस्तक घेऊन गेली. परत आणले तेव्हा मी सहज उघडून पाहिले. समासात बारीक पेन्सिलीने अर्थ लिहिले होते. मराठी शब्दांचे, इंग्रजीत. ओसरी, उंबरठा, हुरहूर, माजघर. पहिल्या पानावर नऊ, दुसऱ्यावर सात. चौथ्या पानावर टिपणे संपली होती.

तिला मी विचारले, पुढे वाचलेस का? ती खाली मान घालून म्हणाली, “काका, खूप शब्द अडतात.”

तिला रागावण्यासारखे काहीच नव्हते. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या लॅम्ब-वाचकाचेच उत्तर ती देत होती, फक्त भाषा उलटली होती. आपल्या मुलांना मराठी येत नाही, असा शोक आपण दर वार्षिक सभेत करतो. शोकाने शब्द वाढत नाहीत, आणि मराठी शुद्धलेखनाच्या स्पर्धा घेऊनही वाढत नाहीत. इंग्रजीच्या दीड-पावणेदोनशे वर्षांच्या अनुभवाने जे शिकवले, ते मराठीसाठी वापरायची वेळ आता आली आहे : पन्नास शब्दांत एकच अडेल अशी पुस्तके निवडून काढणे, सोप्यापासून कठीणाकडे त्यांची क्रमवार मांडणी करणे, मुलाने जी गोष्ट इंग्रजीत वाचली आहे तीच मराठीत त्याच्या हाती देणे. आणि या सर्वांहून मोठे म्हणजे, कोणत्या मुलाला आज कोणते पुस्तक द्यावे हे ओळखणारा माणूस देवघेवीच्या टेबलामागे बसवणे.

त्या मुलीला मी दुसरे पुस्तक दिले, लहान आणि सोपे. शिवाय तिला इंग्रजीतून आधीच ठाऊक असलेल्या एका गोष्टीचे मराठी रूपांतर. तिने ते महिनाभर ठेवले. विलंब-शुल्क मी भरले. परत आल्यावर पाहिले. पहिल्या पानावर तीन टिपणे होती, पाचव्यावर एक. पुढे समास कोरे होते. शेवटच्या पानाच्या कोपऱ्याला मात्र बोटाचा मळका ठसा होता. कपाटातील त्या जुन्या पुस्तकांविषयी मला पडलेल्या प्रश्नाचे निदान एका पुस्तकापुरते उत्तर मिळाले. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकात अशी कोऱ्या समासांची आणि मळक्या कोपऱ्यांची मराठी पुस्तके वाढोत, एवढीच प्रार्थना.